खटाखटताई आणि दीड सेकंद

त्यांचं खरं नाव कारखान्यात फक्त हजेरीच्या वहीत होतं. बाकी सगळ्यांसाठी त्या खटाखटताई. काचा घासणारे कारागीर, पार्सल नेणारे, फोनवरचे चष्म्याचे दुकानदार, खुद्द मालक, सगळे तसंच म्हणत. त्यांनाही त्याचं काही वाटत नसे. एकदा एका नव्या दुकानदाराने फोनवर खऱ्या नावाने विचारलं, तर यांनी "त्या आज आल्या नाहीत" असं सांगून फोन ठेवला आणि मग स्वतःच कपाळावर हात मारून घेतला. हे मला त्यांनीच हसत हसत सांगितलं होतं.

मी त्यांच्याविषयी लिहायला बसलोय खरा, पण त्यांचं कौतुक करायचा अधिकार मला उरलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो. त्यांची नोकरी माझ्यामुळे गेली. नोकरीसोबत आणखी काय गेलं, ते मला फार उशिरा कळलं. आणि जे लवकर कळलं होतं, ते मी तीन वर्षं गिळून बसलो.

कारखाना चष्म्याच्या काचा घासून देण्याचा. शहरभरचे दुकानदार गिऱ्हाइकाचा नंबर चिठ्ठीवर लिहून पाठवत, नाहीतर फोनवर सांगत. खटाखटताई तो कॉम्प्युटरमध्ये भरत, त्यावरून कामाचा कागद निघे, कागद आतल्या खोलीत जाई आणि तिथे पाण्याच्या धारेखाली काच घासली जाई. ताईंच्या खोलीला काचेची भिंत होती. पलीकडे मशिनांची घरघर, फरशीवर पांढरट चिखल आणि रबरी बूट घातलेली माणसं. अलीकडे एक टेबल, दोन फोन, चिठ्ठ्या टोचायचा खिळा आणि त्या.

वय पंचावन्नच्या आसपास, अंगाने बारीक, केस घट्ट बांधलेले. लग्नाआधी टाइपरायटरवर हात बसलेला. बोटं कळफलकावर पडली की आवाज थेट मशिनांच्या खोलीपर्यंत जाई, म्हणून ते नाव. नंबर ऐकला की त्या मोठ्याने परत म्हणत, "उजवा वजा सव्वादोन, डावा वजा पावणेदोन." म्हणता म्हणता भरलेला असे. मग चिठ्ठीवर पेन्सिलीने बरोबरच्या दोन बारीक खुणा, एक उजव्या डोळ्याची, एक डाव्या डोळ्याची, आणि चिठ्ठी खिळ्यावर. एवढ्या वेळात माझ्यासारख्याचा चष्मा पुसूनसुद्धा झाला नसता.

प्रोग्रॅम मी लिहिलेला. पहिल्यांदा दिला तेव्हा त्यात एका वेळी एकच फॉर्म उघडे. महिनाभरात ताईंनी मला बोलावून घेतलं आणि समोर उभं केलं.

"अहो इंजिनिअर, तुमचा हा कॉम्प्युटर माझ्या थोरल्या नणंदेसारखा आहे," त्या म्हणाल्या. "एक काम सांगितलं की ते संपेपर्यंत दुसरं ऐकूनच घेत नाही. इकडे माझ्या एका कानाला हा फोन, दुसऱ्या कानाला तो. दुसऱ्याला मी काय गाणी म्हणून दाखवू?"

मला राग आला. माझं काम कुणी मला शिकवायला लागलं की माझं डोकं फिरतं. हा माझा जुना रोग आहे. मी म्हटलं, "ताई, एका वेळी एकच भरलं तर चुका होत नाहीत."

"चुका? माझ्या?" त्या हसल्या. "बसा तासभर इथे."

बसलो. तासाभरात त्यांनी तिसाच्या वर चिठ्ठ्या भरल्या. त्यातल्या सात वेळा अर्धा फॉर्म टाकून दुसऱ्या फोनवरचा नंबर चिठ्ठीवर लिहून घ्यावा लागला. एकही चूक नाही, पण दर वेळी त्यांच्या चेहऱ्यावर, उशीर झालेल्या बसची वाट बघणाऱ्या माणसाचा वैताग. मी मुकाट्याने कबूल केलं आणि पुढच्या महिन्यात नवीन प्रोग्रॅम दिला. प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी खिडकी, हव्या तितक्या उघडा, एक कळ दाबली की या खिडकीतून त्या खिडकीत. त्या दिवशी ताईंनी खणातून पेपरमिंटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. "शिकलात हो," म्हणाल्या. मी लहान मुलासारखा खूश झालो.

इथे थोडं माझ्या धंद्यातलं सांगावं लागेल, त्याशिवाय माझं पाप कळणार नाही. प्रोग्रॅममध्ये खिडक्या कितीही उघडल्या तरी त्या सगळ्यांवर लक्ष ठेवणारा एकच असतो. आम्ही त्याला शेअर्ड कंट्रोलर म्हणतो. घरच्या भाषेत म्हणायचं तर सगळ्या घराचा मिळून एक कारभारी. प्रोग्रॅमच्या कुठल्याही कोपऱ्यातून त्याला हाक मारता येते आणि विचारता येतं, "बाबा रे, आत्ता समोर कुठला फॉर्म आहे?" तो सांगतो, आणि खरंच सांगतो. पण त्याला कळतं ते फक्त 'आत्ता'. मघाशी कोण समोर होतं, काम कुणी सांगितलं होतं, याच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. म्हणून नीट काम करणारा प्रोग्रॅमर बटण दाबलं गेलं त्याच क्षणी एकदा विचारून घेतो, तो फॉर्म हातात घट्ट धरतो आणि काम संपेपर्यंत सोडत नाही. पुन्हा पुन्हा कारभाऱ्याला विचारत बसत नाही.

मी विचारत बसलो. जुन्या प्रोग्रॅममध्ये खिडकी एकच असल्यामुळे केव्हाही विचारलं तरी उत्तर तेच येई, म्हणून मी जागोजागी कारभाऱ्यालाच हाक मारून ठेवली होती. खिडक्या वाढवल्या तेव्हा अशा एकेचाळीस जागा बदलायच्या होत्या. तीसेक बदलल्या, कंटाळलो आणि बाकीच्या 'चालतायत ना' म्हणून तशाच सोडल्या. मग तपासून पाहिलं. दोन खिडक्या उघडल्या, पहिली पाठवली, ती गेली याची वाट पाहिली, मग दुसरी पाठवली. सगळं ठाकठीक. तपासणारा मीच होतो आणि मी सावकाश माणूस आहे.

पुढच्या सहा महिन्यांत कारखान्याकडे दोन चष्मे परत आले. डाव्या डोळ्याचा नंबर चुकला होता. पहिल्या वेळी मालकांनी काच बदलून दिली. दुसऱ्या वेळी ताईंना म्हणाले, "ताई, जरा सांभाळून." त्या दिवसापासून ताई नंबर दोनदा मोठ्याने म्हणायला लागल्या. वेग मात्र तोच राहिला.

तिसरा चष्मा एका रंगाऱ्याचा होता. घरं रंगवणारा, पन्नाशीचा माणूस. नवा चष्मा लावून गरगरायला लागलं तेव्हा दुकानदाराने त्याला सांगितलं, नवीन नंबर आहे, चार दिवसांत सवय होईल. त्याने विश्वास ठेवला. चौथ्या दिवशी शिडीवरून उतरताना खालची पायरी जिथे दिसली तिथे ती नव्हती. पडला आणि उजव्या हाताचं मनगट मोडलं. ब्रश धरायचा हात.

मालकांनी मला बोलावलं. काचेच्या खोलीत आम्ही तिघंच होतो. टेबलावर दुकानदाराची चिठ्ठी ठेवली होती. उजवा वजा दीड, डावा वजा सव्वा. शेजारी ताईंच्या पेन्सिलीच्या दोन खुणा. आणि कॉम्प्युटरमधून काढलेला कामाचा कागद: उजवा वजा दीड, डावा वजा तीन.

"चिठ्ठी बरोबर आहे, कागद चुकलाय," मालक म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्यांचा आवाज उलट खाली गेला होता. "मधे ताई, तुमचाच हात आहे."

"मी सव्वाच भरला होता," ताई म्हणाल्या. "ही बघा खूण. भरल्याशिवाय मी खूण करत नाही."

"खूण करणं वेगळं आणि भरणं वेगळं. मशीन चुकलं असतं तर दोन्ही डोळे चुकले असते ना? एकच चुकला म्हणजे माणूसच चुकला."

हे बोलणं मलाही बिनतोड वाटलं. ताई माझ्याकडे वळल्या. "अहो इंजिनिअर, तुम्ही तरी सांगा यांना. असं कधी होतं का, की मी एक भरलं आणि निघालं दुसरंच?"

मी एक मिनिटभर जरी विचार केला असता तरी निदान "बघतो" म्हणालो असतो. पण माझ्या कामावर बोट आलं होतं, आणि माझा तो जुना रोग. मी म्हटलं, "ताई, कॉम्प्युटर स्वतःच्या मनाने काही करत नाही. तुम्ही जे भरता तेच निघतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग कागदाकडे. मग हळूच म्हणाल्या, "असं असेल तर मीच भरलं असेन."

मालकांनी त्यांना काढलं नाही. काही दिवस घरी राहा, डोळे तपासून घ्या, एवढंच म्हणाले. ताईंनी खणातल्या आपल्या वस्तू पिशवीत भरल्या, खिळ्यावरच्या चिठ्ठ्या नीट सरळ केल्या आणि निघाल्या. त्या मशिनांच्या खोलीतून गेल्या तेव्हा कारागीर मान खाली घालून काचा घासत राहिले. मीही काचेतून बघत उभा होतो आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटत होतं.

त्यानंतर सहा आठवड्यांनी मला कळलं.

कामाचा कागद लिहिताना त्या कारखान्याची जुनी डिस्क मधेच थबकत असे, म्हणून 'थांबा, काम चालू आहे' अशी एक पट्टी दाखवायची ठरवलं. पट्टी दिसावी म्हणून मी मुद्दाम काम लांबवलं, उजव्या डोळ्यानंतर पाच सेकंदांचा थांबा घातला. आणि वाट बघता बघता, निव्वळ कंटाळा आला म्हणून, दुसऱ्या खिडकीवर बोट ठेवलं. कागद निघाला. उजवा डोळा पहिल्या गिऱ्हाइकाचा, डावा दुसऱ्याचा.

 डाव्या डोळ्याची ओळ लिहिण्याआधी प्रोग्रॅम पुन्हा एकदा कारभाऱ्याला विचारत होता, समोर कोण आहे म्हणून. ती त्या न बदललेल्या जागांपैकी एक होती. मी दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा तेच झालं. थांबा काढून टाकला तर एरवी काहीच होत नव्हतं, पण डिस्क दमली की मधे दीड सेकंद जात होता. दीड सेकंदात पाठवायची कळ दाबून, खिडकी बदलून पुढच्याचं काम हातात घेणारं माणूस त्या अख्ख्या कारखान्यात एकच होतं. दुसऱ्या कुणाच्या हातून ही चूक झालीच नसती. मी मागचे कागद काढले. रंगाऱ्याच्या पाठोपाठ एका मुलीचा कागद होता. डावा वजा तीन.

ती ओळ सुधारायला मला दोन मिनिटं लागली. उरलेल्या सगळ्या जागाही मी त्याच दिवशी बदलल्या, आणि कारखान्याला नवीन प्रोग्रॅम पाठवला. सोबत काय बदललं ते लिहायचं असतं. मी लिहिलं, "किरकोळ सुधारणा." इतक्या कमी शब्दांत इतकं खोटं मी आयुष्यात लिहिलेलं नाही.

का नाही सांगितलं? भीती वाटली. आणखी पाच ठिकाणी माझाच प्रोग्रॅम चालत होता. बोभाटा झाला असता. शिवाय मन मोठं वकील असतं. ते म्हणायचं, ताईंना एव्हाना दुसरं काम मिळालं असेल. त्यांना काही काढलेलं नाही, त्या आपणहून गेल्या. रंगाऱ्याचा हात काही आता सांगितल्याने जुळायचा नाही. पुढच्या महिन्यात सांगू. महिने जात राहिले. तीन वर्षांत असा आठवडा गेला नाही की मला ते "मीच भरलं असेन" आठवलं नाही, आणि असाही एक आठवडा गेला नाही की मी उठून गेलो. लाज वाटते लिहायला, पण आहे ते असं आहे.

शेवटी मला उठवलं ते मालकांनी. एका बाहेरच्या कारखानदाराला ते माझा प्रोग्रॅम दाखवत होते आणि मी शेजारी उभा होतो. "तीन वर्षांत एक चूक नाही," मालक माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "आधी एक बाई होत्या आमच्याकडे. हात असा, की बघत राहावं! पण बिचारीची नजर गेली." पाहुण्याने चुकचुकल्यासारखं केलं आणि दोघं पुढच्या मशीनकडे गेले. मला तिथे उभं राहवेना. हजेरीच्या वहीतून पत्ता उतरवून घेतला आणि त्याच दुपारी निघालो.

दोन जिने चढून गेलो. दार ताईंनीच उघडलं. केस पिकले होते, बाकी तशाच. "अगंबाई, इंजिनिअर!" म्हणून इतक्या आनंदाने आत घेतलं की मला तिथल्या तिथे परत फिरावंसं वाटलं. खोली छोटी आणि स्वच्छ होती. खिडकीशी खुर्चीत त्यांचे यजमान बसले होते. साखरेच्या आजाराने त्यांची नजर अधू झालेली. माझ्या आवाजाच्या दिशेने त्यांनी हात पुढे केला.

ताईंनी चहा केला. कप माझ्या हातात देताना विचारलं, "साखर दोन चमचेच पडलीय ना? बघा बरं." मी म्हटलं, बरोबर आहे. त्या आत गेल्या आणि गॅस बंद केलाय का ते बघून आल्या. बसल्या, आणि पुन्हा उठून बघून आल्या.

"असं दिवसभर चालतं," यजमान हसत म्हणाले. "मला दुपारी तीनदा विचारते, जेवलात का. मी म्हणतो, अगं तूच वाढलंस, आठवत नाही का? म्हणते, आठवतंय, पण तुम्ही एकदा सांगा."

"हसू नका," ताई म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "डोळे तपासले होते मी तेव्हा. दोन डॉक्टरांकडे. दोघं म्हणाले, डोळे उत्तम आहेत. त्याचीच तर भीती बसली हो. डोळे बरे आहेत, तर मग चुकलं काय? डोकं. माझी आई शेवटी शेवटी आम्हाला ओळखत नव्हती. तिचंही असंच सुरू झालं होतं, एखाददुसरी वस्तू चुकायची."

मी कप खाली ठेवला. त्या बोलतच होत्या. त्या रंगाऱ्याच्या घरी गेल्या होत्या, फळं घेऊन. तो प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून बसला होता. त्यांनी त्याची माफी मागितली, तर म्हणाला, "बाई, माणूस आहे, चुकायचंच. तुम्ही आलात हेच खूप झालं." हे सांगताना ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ती माफी माझ्या वाट्याची होती. मी घरी बसलो होतो आणि ती मागायला त्या गेल्या होत्या.

"ताई," मी म्हटलं, "तुम्ही सव्वाच भरला होता."

त्यांना कळलं नाही. मी पुन्हा म्हटलं. मग सगळं सांगितलं: खिडक्या, कारभारी, दीड सेकंद, पाठोपाठच्या मुलीचा डावा वजा तीन. हुशार बाई. त्यांना एकदाच सांगावं लागलं. दोन बोटं टेबलावर ठेवून त्यांनी एकदा ती हालचाल करून पाहिली, पाठवायची कळ आणि लगेच खिडकीची कळ.

"म्हणजे मी हळू असते तर झालं नसतं," त्या म्हणाल्या.

"नसतं झालं. पण चूक तुमच्या वेगाची नव्हती. माझी होती."

 ताईंनी बोटं टेबलावरून उचलून मांडीत ठेवली. मला वाटलं, आता रडतील, किंवा मला बोलतील. मनातून मला तेच हवं होतं; चार शिव्या खाल्ल्या असत्या तर हलकं होऊन घरी गेलो असतो. त्यांनी फक्त विचारलं, "तुम्हाला कधी कळलं हे?"

इथे खोटं बोलायची संधी होती. मागच्या आठवड्यात, असं म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता. मी म्हटलं, "तुम्ही गेल्यावर सहा आठवड्यांनी."

"सहा आठवडे," त्या म्हणाल्या, आणि बोटांवर काहीतरी मोजलं. "मालक त्यानंतर आले होते हो इथे. दोनदा आले. या खुर्चीत बसले होते. म्हणाले, ताई, झालं ते झालं, तुमच्यासारखं माणूस मिळत नाही, जागा तुमच्यासाठी रिकामी ठेवलीय, परत या. मीच नाही म्हटलं. म्हटलं, माझा मलाच भरवसा नाही, अजून कुणाला शिडीवरून पाडायचं नाही मला." त्या थांबल्या. "तुम्ही एक फोन केला असतात तर मी गेले असते."

 चूक झाली होती ती अजाणता. तिच्याबद्दल कदाचित कुणी मला माफही केलं असतं. पण ती रिकामी खुर्ची मी जाणूनबुजून रिकामी ठेवली होती. "मी मालकांना सांगतो," मी म्हटलं. "उद्या नाही, इथून थेट जाऊन सांगतो. रंगाऱ्यालाही सांगतो."

"सांगा. पण आधी माझ्या मुलीला सांगा. ती येईल आता. बसा तोपर्यंत."

बसलो.  त्या अर्ध्या तासात ताईंनी रागही दाखवला नाही. भाजी निवडत बसल्या. यजमानांनीच मला सांगितलं. त्यांना दोन वेळा इन्सुलिन लागतं, सिरिंजच्या वीस रेघांइतकं. पूर्वी ताई भरून देत. त्या प्रकरणानंतर त्यांनी सिरिंजला हात लावणं सोडलं. आपल्याकडून एक रेघ इकडची तिकडे झाली तर, म्हणून. यजमानांना रेघा दिसत नाहीत. तेव्हापासून मुलगी सकाळी कामावर जाताना आणि संध्याकाळी परतताना येते. तीन वर्षं, एक दिवस न चुकता. चांगली बदली आली होती दुसऱ्या शहरात, ती नाकारली.

मुलगी आली. पर्स खांद्यावरच होती, चेहरा दमलेला. ताई म्हणाल्या, "हे इंजिनिअर. यांचं ऐक आधी." मी उभं राहून सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी सहा आठवड्यांसकट, न विचारता. तिने मला मधे एकदाही तोडलं नाही. ऐकून झाल्यावर माझ्याकडे बघितलंही नाही. आईजवळ जाऊन तिच्या दंडाला धरलं आणि म्हणाली, "आई, ऐकलंस ना? तुझ्या डोक्याला काही झालेलं नाही. कधीच झालं नव्हतं."

"ऐकलं," ताई म्हणाल्या.

मुलीने फ्रिज उघडून औषधाची बाटली काढली, नवी सिरिंज फोडली आणि दोन्ही आईपुढे धरली. "घे. आज तू भर."

ताईंनी हात पदराला पुसले. बाटली उलटी धरली, सुई आत घातली, दट्ट्या मागे ओढला.  ती बोटं मी ओळखत होतो. सिरिंज त्यांनी खिडकीच्या उजेडात धरली आणि ओठ हलवत रेघा मोजल्या. एकदा मोजल्या. मग दुसऱ्यांदा.

"वीस," त्या म्हणाल्या. "वीसच आहेत. दिसतंय मला."

"मग दे बाबांना," मुलगी म्हणाली.

यजमानांनी सदरा वर करून ठेवला होता. ताई त्यांच्याजवळ गेल्या, वाकल्या आणि तशाच थांबल्या. मग सरळ झाल्या आणि सिरिंज मुलीच्या हातात दिली.

"वीसच आहेत गं," त्या म्हणाल्या. "पण तू बघ एकदा. आणि तूच दे."

मुलीने बघितलं. वीसच होत्या.